मुहर्रकला लेडी ऑगस्टा

मी चित्र आधी पालथं घालतो.
चेहरा फोमच्या गादीत, पाठ दिव्याखाली.
पाइनची चौकट, कोपऱ्यांत आठ पाचरा, त्यातली एक हरवलेली,
चार लिलावांच्या चिठ्ठ्या, एक ओली होऊन वाळलेली,
आणि खडूने लिहिलेला कुणाचा तरी आकडा,
खोडून कमी केलेला.

बाहेर मुहर्रक, ऑगस्ट. चष्मा दारातच आंधळा होतो.
आत एकवीस डिग्री आणि मी, सावंतवाडीच्या चितारआळीतला,
चौकटीवरचा तुटलेला सोनेरी पाला
परत बसवायला बोलावलेला.
मालकाची पुतणी मुनीरा फाइल वाचून सांगते.

अँब्रोज थर्लबी. बाप खोगिरं शिवायचा,
पोरगा खोगिरावर बसणाऱ्यांची तोंडं काढायला लागला.
लंडनला आला तेव्हा एकच धड कोट,
तिसाव्या वर्षी दाराशी बग्ग्यांची रांग.
दर भिंतीवर लावलेले: नुसतं डोकं पंधरा गिनी,
कमरेपर्यंत तीस, पायांसकट साठ,
कुत्रा असेल तर बोलून ठरवू.
अर्धे आधी. उरलेले अर्धे
उमराव लोक विसरायचे, सवयीने.

दिवसाला पाच जणी. तासभर बसायच्या,
तो नाक, डोळे, हनुवटी घ्यायचा.
त्या गेल्या की त्यांचा झगा
एका लाकडी बाहुलीला चढवून ठेवायचे.
बाही, लेस, साटिनच्या चुण्या काढायला वेगळा माणूस,
बाहीला सात शिलिंग.
त्याचं नाव फाइलीत नाही.

मला हसू आलं. आमच्या गणपतीच्या शाळेत
बाबा फक्त डोळे आखायचे,
पितांबर मोठी पोरं रंगवायची,
मी उंदीर. एका उंदराला दहा पैसे.
आणि लाकडी बाहुल्या तर आमच्या गावचाच धंदा.

हसू नका मेस्त्री, मुनीरा म्हणाली, पुढे वाईट आहे.

त्याचा लाल कच्चा निघाला.
दहा वर्षांत गाल उडाले,
धडधाकट डचेसबाई आपल्याच दिवाणखान्यात
मेल्यासारख्या दिसायला लागल्या.
एकीने चित्र परत पाठवलं, सोबत नवऱ्याचं पत्र.
मग दोन गल्ल्या सोडून कुणी तरणा आला,
बग्ग्या अलीकडच्या कोपऱ्यावरूनच वळायला लागल्या.
थर्लबीने दर उतरवले. मग कुत्रा फुकट.
मेला तेव्हा घरात अकरा चित्रं, कुणीच न नेलेली.
सावकारांनी ती चौकटींच्या भावात फुंकली.
ही त्यातली सहावी, कुणाची तरी तिसरी मुलगी,
गळ्यात मोत्यांचे तीन सर.

मालकाचे काका दुपारच्या नमाजानंतर येऊन बसायचे.
जासिम बू-हज्जी. वय विचारू नये असं.
बाप तवाश, म्हणजे होडीहोडीवर जाऊन मोती घेणारा,
लाल फडक्यात दाणे बांधणारा.
चित्र सुलटं केलं त्या दिवशी
त्यांनी बाईकडे पाहिलंच नाही.
खिशातून भिंग काढलं.

बोट न टेकवता, हवेतच, सरावरून फिरत गेले.
बराच वेळ. एसीची घरघर.
मधल्या सरात, डावीकडून नवव्या दाण्यावर थांबले.
हा, म्हणाले, बापाकडून आलेल्या मुंबईच्या हिंदीत,
हा त्याने पाहिलाय.
जरा पिवळा, पोटाला गुलाबी, खाली बसकट.
हा आमच्या पाण्यातला.
बाकीचे नुसते ठिपके, थकलेल्या हाताचे.

मीही वाकलो.
राखाडी, वर पांढरा, राखाडी, वर पांढरा,
दीडशे तरी असतील,
आणि त्यात तो एक, ज्याच्यात खिडकी होती,
खिडकीपाशी कुणीतरी उभं होतं,
कणीएवढंही नाही.
तो थर्लबीने काढला की बाहीवाल्याने,
फाइलीत नाही.

काकांनी भिंग पुसलं, मुनीराला विचारलं, कितीला घेतलं?
आकडा ऐकून मान हलवली:
एका दाण्याचे म्हणून ठीक आहेत.

ते गेल्यावर मी हरवलेल्या पाचरेच्या जागी
सागाची नवी बसवली, दोन हलके ठोके.
कॅनव्हास ताणलं गेलं
तसा बाईच्या गालाखालचा झोळ गेला.